वेदी आणि पंगत

ख्रिस्तप्रसादावरची श्रद्धा कुटुंबात कशी जगावी, या प्रश्नाला कॅथलिक धर्मशिक्षणात सहसा जे उत्तर मिळते ते भक्तीचे प्रकार वाढवण्याकडे झुकलेले असते : घरात छोटी वेदी असावी, दिवेलागणीला रोझरी म्हटली जावी, रविवारची मिस्सा चुकू नये, शक्य तेव्हा चर्चमध्ये जाऊन पवित्र साक्रामेंताची आराधना करावी. या उत्तरात चुकीचे काही नाही. परंतु ज्या संस्काराचे मूळच एका जेवणात आहे, त्याच्या भक्तीची चर्चा घरातल्या जेवणाच्या ताटापर्यंत क्वचितच पोहोचावी, हे मात्र विलक्षण आहे. घरातल्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, कोण वाढतो, कोण सर्वांत शेवटी जेवतो आणि कोणाचा कप वेगळा ठेवलेला असतो, यावरच त्या भक्तीची खरी परीक्षा होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे; आणि त्यासाठी वर्धा जिल्ह्याइतके उचित स्थळ महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भोजन घेताना भाकर मोडून दिली व द्राक्षारसाचा प्याला फिरवला, आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत जा असे सांगितले. त्या कृतीचे उपासनेत होणारे पुनराचरण म्हणजे मिस्सा किंवा ख्रिस्तयाग, आणि त्यात भाविकाला मिळणारी भाकर म्हणजे ख्रिस्तप्रसाद. ही भाकर केवळ आठवणीचे चिन्ह नसून तिचे बाह्य रूप तसेच राहते व अंतर्द्रव्य मात्र पालटून ती ख्रिस्ताचे शरीर होते, ही कॅथलिक चर्चची शिकवण असून १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने या पालटासाठी द्रव्यांतराची संज्ञा अधिकृतपणे वापरली. केरळच्या सिरो-मलबार परंपरेत याच विधीला कुर्बाना म्हणतात. हा सिरियाक शब्द अर्पण या अर्थाचा असून मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आलेला कुर्बानी हा शब्द त्याच सेमिटिक धातूचा सगोत्र आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयक जो मूलभूत दस्तऐवज संमत केला, त्याच्या अकराव्या कलमात दोन विधाने एकत्र आली आहेत : ख्रिस्तयाग हा ख्रिस्ती जीवनाचा उगम व शिखर आहे, आणि कुटुंब हे जणू घरातले चर्च आहे. त्यानंतर आठवड्याभरातच, २८ नोव्हेंबरला, मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद सुरू झाली आणि तिच्या निमित्ताने पोप सहावे पॉल भारतात आले. एकाच कलमात शेजारी बसलेली ही दोन विधाने पुढच्या प्रवचनांत व पुस्तिकांत मात्र अलग झाली. एक उपासनेच्या प्रकरणात गेले, दुसरे विवाहाच्या. त्यांना पुन्हा एकमेकांशेजारी आणून ठेवणे हेच खरे काम आहे.

वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. येथील कॅथलिक समाज वसईप्रमाणे शतकानुशतके एका गावठाणात राहिलेला नाही; नोकरी, रुग्णालय, शाळा, रेल्वे यांच्या ओढीने वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे आणि मिशनकार्यातून घडलेली स्थानिक कुटुंबे असे त्याचे विरळ व विखुरलेले रूप आहे. चर्चच्या रचनेतही हा जिल्हा वेगळा आहे. ३१ मार्च १९६२ रोजी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, येथे स्वतंत्र मिशनक्षेत्र निर्माण होऊन ते सिरो-मलबार चर्चकडे, विशेषतः सी.एम.आय. या कार्मेली संघाकडे, सोपवण्यात आले. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. आणि वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे गांधीजींच्या जिल्ह्यातील कॅथलिक उपासनेचा एक मुख्य प्रवाह रोम व गोव्याच्या वाटेने आलेला नसून मलबार किनाऱ्यावरून, पूर्व सिरियाक परंपरेतून आला आहे. अशा विरळ वस्तीत चर्च अनेकांच्या दारापासून दूर असते, पाळीच्या नोकरीमुळे रविवार हातचा जातो, आणि रोजच्या मिस्सेची किंवा दीर्घ आराधनेची अपेक्षा बहुतेक घरांना पुरी करता येत नाही. जेवण मात्र प्रत्येक घरात रोज दोनदा होते.

जेवण आणि संस्कार यांच्या नात्यावर ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत जुना व सर्वांत तिखट उतारा प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. इ. स. ५५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या पत्रात पौलाची तक्रार विधीच्या मंत्रांविषयी नाही, प्रार्थनेच्या वेळेविषयी नाही. करिंथ येथील सुखवस्तू मंडळी प्रभूच्या भोजनासाठी जमतात, आपापले आणलेले आधीच खाऊन-पिऊन घेतात, आणि कष्टकरी माणसे उशिरा येऊन उपाशी राहतात, ही त्याची तक्रार आहे. आणि अशा रीतीने जमणे म्हणजे प्रभूचे भोजन घेणे नव्हेच, असा निर्वाळा तो देतो. या दोषाला ग्रीक भाषेत एक शब्द नसावा, पण मराठीत आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना माणूस पाहून हात आखडणे वा सैल सोडणे, याला मराठी समाजाने स्वतंत्र नाव दिले, यावरून तो दोष येथे किती परिचयाचा होता हे कळते. पौल पुढे म्हणतो की जो प्रभूचे शरीर ओळखल्यावाचून खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. हे शरीर म्हणजे वेदीवरची भाकर, एवढाच अर्थ पुष्कळ काळ घेतला गेला. पण संदर्भ पाहता शेजारी उपाशी बसलेला माणूसही त्या शरीरात येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘अमोरिस लेतीत्सिया’ या दस्तऐवजात हाच उतारा घेतला आणि त्याचा सामाजिक अर्थ ठासून सांगितला. लक्षणीय गोष्ट अशी की तो दस्तऐवज उपासनेवरचा नसून कुटुंबावरचा आहे.

महाराष्ट्रात पंगतीचा प्रश्न जातीपासून सुटा करता येत नाही. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे जातिव्यवस्थेचे दोन पहारेकरी. धर्म बदलला तरी ते दारावरून आपोआप उठून जात नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे मोल या बाबतीत असाधारण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे एकत्र आल्यावरही अन्नपाण्याचे सोवळे त्यांच्या मनातून टप्प्याटप्प्याने गेले. त्यांनी स्वतःच हे विनोदाच्या अंगाने पण निर्दय प्रामाणिकपणे नोंदवले आहे. टिळक कुटुंब प्रोटेस्टंट होते, कॅथलिक नव्हे. पण श्रद्धेचे परिवर्तन डोक्यातून हातापर्यंत आणि हातातून पाण्याच्या भांड्यापर्यंत उतरायला किती काळ लागतो, याचा इतका स्वच्छ पुरावा मराठीत दुसरा नाही. कॅथलिक चर्चची स्थिती याहून निराळी आहे असे मानण्याचे कारण नाही. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा चर्चच्या अंतर्गत जातिभेद अस्तित्वात आहे हे तिने मान्य केले. एकाच रांगेत उभे राहून एकच भाकर घेणारे लोक घरी परतल्यावर एकमेकांच्या घरी जेवत नसतील, तर करिंथची तक्रार एकोणीसशेहून अधिक वर्षांनंतरही निकालात निघालेली नाही.

येथे वर्ध्याचा स्वतःचा इतिहास साक्षीला येतो. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले केले. १९३६ मध्ये गांधीजी शेगाव या खेड्यात राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झाले. आश्रमात सर्वधर्म प्रार्थना आणि सामुदायिक भोजन हे दिनक्रमाचे दोन खांब होते. मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा स्वतः ख्रिस्ती होते, आणि येशूच्या आचरणाला संस्थात्मक चर्चच्या कर्मकांडापेक्षा वरचे स्थान द्यावे, हा विचार त्यांनी येशूवरील आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडला. या परंपरेतून कॅथलिक कुटुंबाला विचारला जाणारा प्रश्न सरळ आहे : सर्वांनी एकत्र बसून साधे अन्न वाटून खाणे हेच जर सार असेल, तर वेदी, याजक आणि द्रव्यांतराचा सिद्धांत यांची गरज काय?

हा आक्षेप हलका नाही आणि त्याला चर्चच्या अधिकाराचा हवाला देऊन गप्प करता येणार नाही. तरीही त्याचे उत्तर आहे. वाटून खाणे ही जेव्हा केवळ आपल्या उदारपणाची कृती असते, तेव्हा वाढणारा आणि घेणारा यांच्यातली पायरी कायम राहते. दाता दाताच राहतो आणि घेणाऱ्याची मान वाकलेलीच राहते. ख्रिस्तयागात कोणीही दाता नसतो. डॉक्टर, शिपाई, घरमालकीण आणि तिच्याकडे भांडी घासणारी स्त्री सगळेच रिकामा हात पुढे करून उभे असतात, आणि जे मिळते ते कोणाच्याच कमाईचे नसते. रोजच्या पंगतीला ही आठवण हवी असते, आणि आठवण टिकण्यासाठी ठरावीक दिवशी, ठरावीक शब्दांत, स्वतःच्या लहरीवर न सोडता होणारी कृती लागते. सेवाग्रामच्या प्रार्थनेलाही नेमलेली वेळ होती, हे विसरून चालणार नाही. विधीचे वावडे गांधींनाही नव्हते.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. कॅथलिक वेदीची पंगत सर्वांना खुली नाही : बाप्तिस्मा न झालेल्याला, आणि सर्वसाधारणपणे अन्य चर्चच्या ख्रिस्ती माणसालाही, तेथे प्रसाद दिला जात नाही. मंदिराच्या गाभाऱ्यात आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर तीर्थ-प्रसाद ठेवण्याची सवय असलेल्या विदर्भातील पाहुण्याला हे खटकते, आणि आंतरधर्मीय विवाहाच्या कुटुंबात तर पती रांगेत उभा राहतो व पत्नी बाकावर बसून राहते, हे दृश्य दर रविवारी घडते. जी पंगत स्वतःच बंद आहे ती खुल्या पंगतीचा धडा कसा देणार? चर्चचे म्हणणे असे की ख्रिस्तप्रसाद घेणे म्हणजे पाहुणचार स्वीकारणे नसून एका शपथेत सामील होणे आहे, आणि शपथ कोणावर लादता येत नाही. हे म्हणणे तर्काला धरून आहे. पण ते तेवढ्यावर सोडून देणे सोयीचे आहे, न्यायाचे नाही. वेदीवर जी मर्यादा पाळावी लागते तिचे देणे घरी फेडले गेले पाहिजे. चर्चमध्ये ज्यांना बाकावर बसून राहावे लागले, त्यांच्यासाठी त्याच दिवशी घरातले पहिले ताट मांडले जात असेल, तर ती मर्यादा सोसवते. आणि घरातही त्यांना दुय्यम स्थान असेल, तर ती मर्यादा केवळ अहंकार ठरते.

द्राक्षारसाचीही गोष्ट येथे टाळता येत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे; गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे; चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती; म्हणजे सुमारे सहा वर्षे हे तिन्ही जिल्हे कोरडे होते, आणि तरीही वेदीवरचा प्याला रिकामा राहिला नाही, कारण महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याने धार्मिक संस्कारासाठी लागणाऱ्या मद्याची सोय स्वतंत्रपणे केलेली आहे. कायद्याने दिलेली ही सवलत कॅथलिक घरावर एक जबाबदारी टाकते. ज्या प्याल्याला राज्याने पावित्र्याच्या कारणासाठी वगळले, त्याचे नाव घेणाऱ्या समाजाने लग्न, बाप्तिस्मा व नाताळ यांच्या जेवणावळीत चोरट्या बाटल्यांना मान द्यावा आणि त्याचा भार घरातल्या बायकांनी उचलावा, ही विसंगती दारूबंदीच्या यशापयशाच्या वादापलीकडची आहे.

केरळातील संत थोमा परंपरेच्या ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी पाळली जाणारी एक रीत या साऱ्या विचाराला आकार देते, आणि ही कुटुंबे जेथे जेथे गेली तेथे ती त्यांच्याबरोबर गेली आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ त्या रात्री तांदळाच्या व उडदाच्या पिठाची, न आंबवलेली भाकर वाफवतात. तिला पेसहा अप्पम म्हणतात, पेसहा म्हणजेच मराठी बायबलमधला वल्हांडण. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या झावळीचा छोटा क्रूस तिच्यावर ठेवतात, नारळाचे दूध व गूळ यांचे पेय सोबत करतात, प्रार्थना व वाचन झाल्यावर घरातला कर्ता ती भाकर कापतो आणि वयाच्या क्रमाने प्रत्येकाला देतो. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथे ती करत नाहीत, शेजारचे घर आणून देते. हा संस्कार नव्हे, येथे याजक नाही, द्रव्यांतराचा दावा नाही. तरी चर्चमधल्या वेदीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जाणारी इतकी स्पष्ट वाट भारतीय ख्रिस्ती जीवनात अन्यत्र क्वचित दिसते. क्रम वयाचा आहे, लिंगाचा नाही, ही बाब लहान नाही : त्या एका रात्री वृद्ध आईला कमावत्या मुलाच्या आधी मिळते. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत मात्र तीच आई किंवा तिची सून सर्वांची ताटे उचलल्यावर, गार झालेल्या भाजीबरोबर जेवते. आणि रविवार, जो विश्रांतीचा दिवस म्हणून पाळायचा, तो मिस्सेनंतरच्या खास जेवणामुळे तिच्यासाठी आठवड्यातला सर्वांत कष्टाचा दिवस ठरतो. घरातील स्त्री शेवटी जेवते यात त्याग पाहण्याची सवय मराठी आणि मल्याळी या दोन्ही संस्कृतींना आहे. ख्रिस्तयागाच्या भाषेत हा त्यागाचा गौरव फार सहज बसतो, म्हणूनच तो संशयास्पद आहे. ज्याने शिष्यांचे पाय धुतले तो स्वतः यजमान होता, घरातली सर्वांत दुबळी व्यक्ती नव्हता.

ज्या सी.एम.आय. संघाने चांदा मिशनची जबाबदारी घेतली, त्याच्या संस्थापकांपैकी एक, कुरियाकोस एलियास चावरा, यांच्या चरित्रात वेदी आणि घर ही दोन टोके एकत्र आढळतात. १८६६ मध्ये त्यांनी केरळात चाळीस तासांची आराधना सुरू केली, म्हणजे प्रसादाची भाकर वेदीवर दर्शनासाठी ठेवून आळीपाळीने तिच्यासमोर बसण्याची प्रथा. आणि दोनच वर्षांनी, १८६८ मध्ये, आपल्या जन्मगावच्या, कैनकरीच्या, कुटुंबांना त्यांनी एक पत्र लिहिले, जे प्रेमळ पित्याचे मृत्युपत्र म्हणून ओळखले जाते. २०१४ मध्ये त्यांना संतपद मिळाले. या दोहोंपैकी त्यांची मौलिकता दुसऱ्या गोष्टीत आहे. या पत्रात गूढ अध्यात्म जवळजवळ नाही. कर्ज काढू नये, आळसात दिवस घालवू नये, मजुराची मजुरी अडवू नये, गरिबाला दारातून अपमानित करून पाठवू नये, घरात कितीही मोठा पाहुणा आला तरी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ हलवू नये, मुलांना धाकापेक्षा उदाहरणाने वाढवावे, असा त्याचा व्यवहारी रोख आहे. आराधनेचा पुरस्कर्ता कुटुंबाला पत्र लिहितो तेव्हा मजुरीविषयी लिहितो, यातच या लेखाचा मुद्दा आहे.

त्यांच्याच नावाशी जोडलेली पिडियरी ही प्रथा वर्ध्याच्या वाचकाला परकी वाटणार नाही. केरळातील मान्नानम परिसरातील शाळांत येणाऱ्या गरीब मुलांना दुपारचे जेवण मिळावे यासाठी प्रत्येक घराने स्वयंपाकाला घेतलेल्या तांदळातून एक मूठ बाजूला काढून ठेवावी, अशी ती योजना. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडातून हेच केले. आणि पवनारच्या विनोबांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सर्वोदय पात्राची कल्पना मांडली, तेव्हा घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज एक मूठ धान्य त्या भांड्यात पडावे, असा त्यांचा आग्रह होता. मुलाची मूठ लहान असते, म्हणून घराला तोटा होत नाही. आणि मूठ मुलाची असते, म्हणून सवय पुढच्या पिढीत जाते. विनोबांनी ख्रिस्तधर्माचे सार संकलित केले होते, तरी पिडियरीची माहिती त्यांना होती असा दावा येथे करण्याचे कारण नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेले लोक एकाच भांड्याशी थांबले, एवढे पुरेसे आहे.

१९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सुमारे सात वर्षांच्या मुलाला ख्रिस्तप्रसाद द्यावा असा निर्णय दिला, तेव्हा निकष सोपा ठेवला : ही भाकर साध्या भाकरीहून वेगळी आहे, एवढे मुलाला कळले पाहिजे. हा फरक मुलाला शिकवण्यासाठी आधी साधी भाकर काय आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. ती कोणी पिकवली, कोणी भाजली, कोणाला अजून मिळालेली नाही. वर्ध्याच्या ज्या धर्मग्रामांत, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समूहांत, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेण्यात आणि पांढऱ्या पोशाखाच्या खरेदीत संपते, तेथे त्या तयारीच्या वर्गात पालकांनाही बोलवावे. आणि त्यांच्यासमोर चावरांचे पत्र वाचावे. ते पत्र दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ऐकावे, अशी लिहिणाऱ्याची सूचना होती. त्या बैठकीत घरकाम करणाऱ्या बाईलाही, तिचा धर्म कोणताही असो, बसायला बोलवावे. मजुरीचे कलम तिच्यासमोर वाचले जाणे आवश्यक आहे.